पन्नाशीचा खांदा

जवळ ये गं, अशी माझ्या शेजारी बस. आणि आधी ती मान सरळ कर. दिवसभर डब्लिनला सँडीफोर्डच्या त्या काचेच्या इमारतीत कॉम्प्युटरपुढे वाकायचं, संध्याकाळी ल्युअस ट्रॅममध्ये फोनवर वाकायचं, आणि रात्री मावशीचा फोन आला की 'मी एकदम ग्रँड आहे' म्हणून सांगायचं. सातवा महिना लागला तुला. ग्रँड आहेस तर काल व्हिडिओवर बोलताना सारखा खांदा का चोळत होतीस? चष्मा लागला असला तरी दिसतं मला.

आणि बाळासाठी टब आणलास म्हणे. त्यावर बेडूक आहे, पाणी कढत झालं की बेडकाचा रंग बदलतो. छान आहे हो बेडूक. तुझ्या आईच्या गुडघ्यांना आता विमान झेपत नाही हे मला कळतं, तिची माझी रोज त्यावरून रडारड चालते. पण मी इथे आयर्लंडमध्येच आहे, स्लायगोत लेकीकडे, तुझ्यापासून एका गाडीच्या अंतरावर, आणि तू व्हिडिओ बघून बाळाला न्हाऊ घालायला शिकतेस. राग नाही आला मला. थोडासा आला. फोनवर काही सांगायला गेले की तू 'मावशी, मीटिंग आहे' म्हणून मधेच तोडतेस, म्हणून आता लिहूनच काढते. मी शेजारी बसून बोलते आहे असं समज आणि शेवटपर्यंत वाच.

तीन वर्षांपूर्वी, दोन हजार सोळाच्या सप्टेंबरात, मी पहिल्यांदा इथे आले ती लेकीच्या बाळंतपणासाठी. तीन महिन्यांचा व्हिसा. बॅगेत डिंक, खारीक, बाळंतशेपा, ओवा, जुन्या धोतरांची मऊ दुपटी, सगळं भरलेलं. उजवा खांदा मात्र आखडलेला. निघायच्या आधीपासून दुखत होता, पण मी कोणाला बोलले नाही. बोलले असते तर तुम्ही सगळ्यांनी मिळून तिकीट पुढे ढकललं असतं. विमानतळावर लेकीला मिठी मारली तर माझा एकच हात तिच्या पाठीवर गेला. ती पडली डॉक्टर. तिथेच, सामानाच्या ढकलगाड्यांच्या गर्दीत, मला म्हणाली, "आई, हात वर कर."

हात कानापर्यंतसुद्धा गेला नाही.

गाडीत बसल्यावर तिने समजावून सांगितलं. खांद्याच्या सांध्याभोवती एक आवरण असतं, ते जाड होतं आणि आकसतं. साखर असलेल्या बायकांना जास्त होतं. "आणि तुझी साखर काय आहे ते मी आजच बघणार आहे."

"बघ. पण हा किती दिवसांत सुटेल?"

"दिवसांत नाही गं. वर्ष जातं. कधी दोनही जातात."

मी खिडकीतून बाहेर बघत बसले. हिरवीगार कुरणं, मेंढ्या, पाऊस. बाळ महिन्याभरावर आलेलं आणि ही मला दोन वर्षं सांगते.

तुला ठाऊक आहे, आपल्या घरातल्या सगळ्या पोरांना मीच न्हाऊ घातलं. तुलासुद्धा. पाटावर बसायचं, पाय लांब सोडायचे, दोन नडग्यांच्या मधल्या खोबणीत बाळ पालथं घालायचं. डाव्या हाताने त्याला धरायचं, उजव्या हाताने तांब्याने पाणी सोडायचं. तू तर न्हाता न्हाता झोपून जायचीस, तोंडातून लाळ गळायची माझ्या घोट्यावर. लेकीला दिवस गेल्याचं कळलं तेव्हापासून मी एकच चित्र बघत होते, माझे पाय आणि त्यावर ते बाळ. बाकीचं काय, लाडूबिडू कोणीही केले असते.

लेकीने व्यायाम लावून दिला. इथे भिंतीतल्या कपाटाला प्रेस म्हणतात. स्वयंपाकघरातल्या प्रेसच्या दारापाशी उभं राहायचं आणि बोटं मुंग्यांसारखी चालवत दारावर वर न्यायची. जिथे थांबतील तिथे तिने पेन्सिलने रेघ मारली. पहिली रेघ माझ्या हनुवटीपाशी होती. मी रोज त्या रेघेपुढे उभी राहायची, शाळेत शिक्षा म्हणून उभं केल्यासारखी.

आता इथल्या न्हाणीघराचं ऐक. खाली मोरी नाही, पाणी जायला जाळी नाही. जमिनीवर तांब्याभर पाणी सांडलं तरी खालच्या खोलीचं छत ठिपकतं. म्हणजे बाळाला पायांवर घ्यायचं तर मलाच बाथटबात बसायला हवं. ते जमतं का बघावं म्हणून एका सकाळी मी बटाट्यांची पिशवी घेतली, साधारण बाळाच्या वजनाची. लेक ड्युटीवर होती. जावई डब्लिनला ग्रँड कॅनाल डॉकला नोकरीला, आठवडाभर तिकडेच खोली घेऊन राहायचा आणि गुरुवारी रात्री घरी यायचा. घरात मी एकटी. साडी खोचली, कोरड्या टबात बसले, पाय सोडले, बटाटे नडग्यांवर ठेवले आणि तांब्या उचलला. तो छातीपर्यंत येतो न येतो तोच हातातून सुटला आणि टबात असा दणाणला की शेजारच्या आजी मागच्या दाराने धावत वर आल्या.

या आजी ऐंशीच्या घरातल्या, एकट्या राहणाऱ्या. आमच्या घराची किल्ली त्यांच्याकडे असायची. त्यांनी दारातून सगळं बघून घेतलं. टबात साडी नेसलेली बाई, पायांवर बटाटे.

"बेबी," मी म्हटलं. "बेबी कमिंग. दिस इज प्रॅक्टिस."

त्या टबाच्या कडेवर टेकल्या. पिशवीत डोकावून म्हणाल्या, "डोक्यावर केस कमी आहेत याच्या."

मग मला हसू आवरेना, आणि हसता हसता रडूही आवरेना.  त्यांनी बटाटे उचलून बाजूला ठेवले, मला डाव्या हाताला धरून उठवलं, खाली नेऊन चहा केला. म्हणाल्या, त्यांच्या वडिलांकडे भाजलेल्यावरचा गुण होता. लहानपणी ओढ्याकाठी त्यांनी पालीसारखा एक प्राणी चाटला होता, म्हणून त्यांनी जीभ लावली की भाजल्याची आग थांबते असं लोक मानायचे. लांबून लांबून माणसं यायची. "आता कोणी पाल चाटत नाही," आजी म्हणाल्या. "पण गावात एक चिनी बाई आहे. तिने माझी कंबर वाकती केली."

लेकीला विचारलं. मला वाटलं चिडेल. ती चिडली नाही, थकलेली होती, पाय उशीवर ठेवून पडली होती. "जा," म्हणाली. "सुईने खांदा सुटेल असं मी म्हणणार नाही, पण दुखणं कमी झालं तर व्यायाम जास्त करशील. सुई नवी हवी, तुझ्यासमोर पाकीट फोडलेली. आणि तिने दिलेलं पोटात काही घ्यायचं नाही. इथे अशी पाटी लावायला परवाना लागत नाही, आणि कुठलं मूळ तुझ्या गोळ्यांशी भांडेल ते मलाही सांगता येणार नाही."

दुकान खाटीक आणि घोड्यांवर पैजा लावायचं दुकान यांच्या मधे होतं. काचेत रबराचा एक उघडा माणूस उभा, अंगभर रेघा आणि ठिपके. आत गेलं की समोरची अख्खी भिंत म्हणजे लहान लहान खणांचं लाकडी कपाट, प्रत्येक खणावर चिनी अक्षरं. बाई पन्नाशीची, आखूड केसांची, पांढऱ्या कोटावर लोकरी जाकीट घातलेली. तिचं इंग्रजी मोडकं, माझं त्याहून मोडकं, म्हणून आमचं छान जमलं. दोघींनाही घाई नव्हती.

तिने आधी जीभ बघितली. कडांना दातांचे ठसे आहेत म्हणाली, ओल साचली आहे अंगात. मग नाडी. माझ्या माहेरी वैद्यबुवा यायचे ते डोळे मिटून नाडी बघायचे, आम्ही पोरं श्वास रोखून उभी. हिने दोन्ही मनगटं घेतली, तीन बोटं आधी हलकी ठेवली, मग दाबून. म्हणाली, प्रत्येक बोटाखाली वेगळा अवयव बोलतो, आणि वरवर एक बोलतो, खोल दुसराच. मला वाटलं आता काहीतरी गंभीर सांगणार. तर ती उठून माझ्या मागे गेली आणि ब्लाउजच्या गळ्यातून दिसणाऱ्या पाठीवर बोट टेकवलं.

"इथे दार आहे. वाऱ्याचं दार म्हणतो आम्ही. हे उघडं टाकून तुम्ही स्लायगोला आलात?" मग कमरेकडे बघून, "आणि ही खिडकी."

"आमच्याकडे उकडतं."

"इथे उकडत नाही," ती म्हणाली आणि खुर्चीवरची शाल माझ्याभोवती गुंडाळली. दुसऱ्या दिवसापासून मी साडीवर जावयाचं जाकीट घालायला लागले ते अजून घालते.

वारा, थंडी, ओल. त्यांच्या विद्येत दुखण्यांची कारणं अशी हवामानासारखी सांगतात. आपण नाही का वात म्हणत, तसं ते वारा म्हणतात. माझ्या खांद्यालाही त्यांच्याकडे नाव आहे, पन्नाशीचा खांदा.

"मी चौसष्ट वर्षांची आहे," मी म्हटलं.

"मग उशिरा आला. बाकीची तब्येत चांगली असणार."

मग तिने माझ्यासमोर पाकीट फोडलं, केसासारखी सुई काढली आणि चालली माझ्या पायाकडे. मी घाबरले, म्हटलं ही विसरली बहुतेक. "खांदा," मी बोट दाखवून सांगितलं. "वर आहे."

"माहीत आहे मला खांदा कुठे असतो."

सुई गेली नडगीच्या बाहेरच्या अंगाला, मांसात. मुंगी चावल्यासारखं झालं, मग पाय आतून जड, भरल्यासारखा. ती सुई दोन बोटांत फिरवत म्हणाली, "आता हात उचला." मी उचलला. गेला, कानाच्या पाळीपर्यंत गेला. पुढे नाही. घरी येऊन प्रेसच्या दारावर नवी रेघ मारून घेतली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी हात परत जुन्या रेघेवर. सांगायचं तर सगळं सांगावं.

पण मी दर मंगळवारी जात राहिले. सुया टोचून झाल्या की थोडा वेळ पडून राहायचं असतं, तेव्हा ती स्टुलावर बसून बोलायची. मी विचारायची, तुला माहीत आहे माझं तोंड. तिच्याकडून कळलं की फार फार पूर्वी धातू नव्हता तेव्हा दगडाच्या टोकदार कपच्या वापरायचे, मग हाडाच्या सुया, मग काशाच्या, आता ही पोलादाची. तिची आई गावातली अनवाणी डॉक्टर होती. म्हणजे त्यांच्या सरकारने खेड्यातल्या थोडंफार शिकलेल्या पोरापोरींना थोडे महिने शिकवून परत खेड्यात पाठवलं होतं, खांद्याला पिशवी, पिशवीत सुया आणि आयोडीन. दिवसा शेतात राबायचं आणि कोणी आजारी पडलं की हात धुऊन पिशवी उचलायची. तिची आई खरंच अनवाणी असायची का, मी विचारलं. "भाताच्या शेतात बूट कोण घालतं," ती म्हणाली.

ती स्वतः मात्र कॉलेजात शिकलेली. पाच वर्षं, त्यात काढे उकळण्याइतकंच प्रेत फाडून बघणंही होतं. तिकडच्या ज्या हॉस्पिटलात ती होती तिथे खाली एक्स-रे आणि वर काढे, एकाच इमारतीत, रोग्याने जिन्यावरून वरखाली करायचं. मग आयर्लंडमध्ये पैसा खेळायला लागला, बाजारात जागोजागी चिनी औषधांची दुकानं उघडली, त्यात ती नोकरीला आली. मग मंदी आली, दुकानं बंद झाली. ती उरली.

एकदा मी त्या खणांत काय आहे विचारलं. तिने एकेक उघडून नाकाशी धरला. सुंठ. दालचिनी. ज्येष्ठमध. मी आपल्या भाषेत नावं सांगत गेले, ती तिच्या भाषेत. पुढच्या खणात चहाच्या पुड्या निघाल्या, आयर्लंडच्याच. त्याच्या पुढच्यात रंगीत खडू, मोजे, वीज गेली तर मेणबत्त्या. युरोपातले नियम कडक झाले, पुष्कळ औषधं विकायला बंदी आली, म्हणून खण रिकामे झाले आणि संसार आत शिरला. "औषधं दिली असतीस तर लेकीने मला परत पाठवलं नसतं," मी म्हटलं. "बरोबर आहे तुमच्या लेकीचं," ती म्हणाली. "मी पण नसतं दिलं. मला तुमच्या गोळ्या माहीत नाहीत."

आणि तो धूर. वाळलेल्या पानांचा कापूस करून त्याची विडी वळलेली असते, ती पेटवून खांद्यापासून चार बोटं लांब धरायची, शेक द्यायचा. छताला धुराची घंटा होती, तिला तिने डोक्याला घालायची प्लॅस्टिकची टोपी घातलेली. पहिल्यांदा तो धूर नाकात गेला आणि मी उठूनच बसले. दवणा, आपल्या कोल्हापूरचा दवणा. अगदी तोच नाही, जरा कडू, पण त्याच घरातला. तिला सांगितलं तर ती म्हणाली, हे झुडूप इथे आयर्लंडमध्येही वाटेकडेला उगवतं, कोणी बघत नाही त्याच्याकडे. तेव्हापासून मी बघते.

ऑक्टोबरात नात झाली. नीट, सुखरूप. काळंभोर जावळ, बटाट्यांसारखं काही नाही.

घरी आणल्यावर काही दिवसांनी सरकारी नर्स आली. इथे बाळंतिणीच्या घरी येतात, बाळाचं वजन करतात, आईची विचारपूस करतात. मोठी मायाळू बाई. मी तिला चहा द्यायला वाकले, जाकीट होतं खुंटीवर, आणि पदर खांद्यावरून घसरला. आदल्याच दिवशी चिनी बाईने माझ्या पाठीला तुंबड्या लावल्या होत्या. आपल्याकडे जत्रेत वैदू लावायचे ना, शिंगाच्या, तशाच, पण काचेच्या. आत जाळ फिरवून चटकन पाठीवर उपडी घालायची, ती कातडी ओढून धरते. त्याचे जांभळे गोल डाग राहतात आठवडाभर. आणि माझ्या ब्लाउजचा गळा तर तुला माहीतच आहे.

नर्सने लेकीला म्हटलं, बाळाला जरा आत पाजून घे. मग माझ्या शेजारी येऊन बसली, माझा हात हातात घेतला आणि अगदी हळू विचारलं, "घरी सगळं ठीक आहे ना? तुम्हाला कोणी त्रास देतं का?"

मला वाटलं खांद्याचं विचारते आहे. "हो हो," मी म्हटलं. "खूप त्रास. झोप नाही."

"कोण देतं?"

"चायनीज लेडी. फायर अँड ग्लास. एव्हरी ट्यूजडे."

आतून लेकीचं हसू ऐकू आलं, टाके दुखतील म्हणून पोट धरून हसत होती. बाहेर येऊन तिने उलगडून सांगितलं. नर्ससुद्धा हसली, पण मग तिने मला हात वर करायला लावला, पुढे धरायला लावला, त्यात एक जाड पुस्तक दिलं. पुस्तक पडलं. ती माझ्याशी फार प्रेमाने बोलली. म्हणाली, ओलं बाळ निसटतं. या हाताने पायांवर घेऊन पाणी घालू नका. टब वापरा. लेकीची मान हलली ती मी पाहिली. दोघींचं बरोबर होतं. म्हणून तर वाईट वाटलं. चुकीचं असतं तर भांडले असते.

पुढच्या मंगळवारी नडगीत सुया असताना मी रडले. हालता येत नव्हतं, डोळे पुसता येत नव्हते, पाणी कानात जात होतं. तिने पुसलं. मी तिला सगळं सांगितलं, पाटापासून बटाट्यांपर्यंत. सव्वा महिन्याचंही सांगितलं, बाळंतिणीने गार पाण्याला हात लावायचा नाही, कान बांधायचे, शेक घ्यायचा, सुंठ-डिंक खायचं.

ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "आमच्याकडेही आहे. महिना बसणं म्हणतात. गार पाणी नाही, वारा नाही, केस धुवायचे नाहीत, आलं घातलेलं सूप. तो महिना सासू नाहीतर आई करते." तिची मुलगी इथेच झालेली, तेव्हा पंधरा वर्षांची, चिनीत विचारलं तर स्लायगोच्या इंग्रजीत उत्तर देणारी. "माझी आई येणार होती. व्हिसा मिळाला नाही. मी हॉस्पिटलातून आले आणि गार पाण्यात कपडे धुतले." तिने आपली दोन्ही मनगटं वळवून दाखवली. "पावसाच्या आधी दुखतात. मीच मला सुया टोचते. थोडं बरं वाटतं. पण ते दुखणं त्या पाण्यातलं आहे."

सुया काढता काढता ती म्हणाली, "रविवारी माझं दुकान बंद असतं. तुमचे पाय चांगले आहेत. डावा हात चांगला आहे. फक्त एक हात कमी पडतो."

रविवारी ती आली. हातात काही नाही, नखं कापलेली, घड्याळ-अंगठी घरी ठेवलेली. लेकीपुढे उभी राहिली. "तुमची आई रडली माझ्याकडे."

"सुई जोरात टोचली असेल," लेक म्हणाली.

"डोळ्यांत नव्हती टोचली." मग म्हणाली, "इथे मी डॉक्टर नाही. मी नुसता हात आहे. आई तुम्ही आहात, तुम्ही सांगाल तसं. नको म्हणालात तर चहा पिऊन जाते."

लेकीने माझ्याकडे पाहिलं. मी डाव्या हातात तांब्या घेऊन तयारच होते. शेवटी ती म्हणाली, "टबाचं बूच काढून ठेवायचं, पाणी साठू द्यायचं नाही. खाली जाड टॉवेल. पाण्यात आधी मी हात घालून बघणार. आणि मी तिथेच बसणार."

"बैस, पण कान बांधून," मी म्हटलं.

मी टॉवेलवर बसले, साडी खोचून, पाय लांब करून. लेक कमोडच्या झाकणावर घोंगडीत गुंडाळून. जावई दारात पंचा धरून असा उभा की लग्नात अंतरपाट धरलाय. चिनी बाई टबाच्या बाहेर गुडघ्यांवर बसली, माझ्या उजव्या अंगाला, अगदी चिकटून, आणि माझा हात जिथून निघाला असता तिथून तिचा हात पुढे आला. नातीला मी पायांवर पालथं घेतलं. डाव्या हाताने तिची हनुवटी आणि छाती धरली. नडगीवर जिथे ती सुई जायची, तिथेच त्या एवढ्याशा पोटाची ऊब आली.

"हळू," मी म्हटलं. "डोक्यावरून नाही. पाठीवरून. धार बारीक."

तिने तांब्या कलता केला. पहिल्या पाण्याला नात किंचाळली. दुसऱ्याला कुरकुरली. तिसऱ्याला तिने एक लांब श्वास सोडला आणि तिची पाठ सैल झाली, तुझी व्हायची तशी. मी म्हणत होते, आता मांडी, आता पाऊल, बोटांच्या मधे, आणि तो हात बरोबर तिथे जात होता. थोड्या वेळाने मी सांगायची थांबले, तरी जात होता.

मग मी तिच्या बाहीकडे पाहिलं. कोपरापर्यंत भिजली होती, गरम पाणी मनगटावरून ओघळत होतं. ती बाही वर सारायला गेली.

"राहू दे," मी म्हटलं. "गरम आहे. लागू दे मनगटाला."

ती माझ्याकडे बघायला लागली. मग तिने दुसरं मनगटही धारेखाली धरलं.  जावई पंचा घेऊन पुढे आला आणि परत मागे झाला.

त्यानंतर व्हिसा संपेपर्यंत दर रविवारी आमचं न्हाणं असंच चालायचं. बाकीचे दिवस टबच, लेकीने नाहीतर जावयाने. मी डिंकाचे लाडू केले ते दोन डब्यांत भरले. दुसरा डबा घेऊन दुकानात गेले आणि म्हटलं, तुझे राहिलेत पंधरा वर्षं. तिने एक फोडला, वास घेतला, चाखला. "गरम," म्हणाली. "फार गरम." आणि अर्धा तोंडात टाकला. माझ्या गळ्यातला मफलर काढून मी तिचे कान बांधले, ती तशीच बसून लाडू खात होती, इतक्यात एक गिऱ्हाईक आलं. तिने बोटाने सांगितलं, थांबा.

खांदा कशाने सुटला विचारशील, तर मला खरंच ठाऊक नाही. लेक म्हणते सुटायचाच होता, वेळ झाली. चिनी बाई म्हणते वेळ आणि सुई, आणि पाठ झाकली ते. गावी परत गेल्यावर वर्षभराने एक दिवस मी फळीवरचा डबा काढला आणि मग लक्षात आलं की उजव्या हाताने काढला. आता इथल्या प्रेसच्या दारावरच्या सगळ्या रेघांच्या वर हात जातो माझा. खालच्या अंगाला त्याच दारावर नातीची उंची मांडतात. तिने विचारलं, आजी, हू वॉज धिस टॉल? मी म्हटलं, मी.

चिनी बाई अजून तिथेच आहे, खाटकाच्या शेजारी. तिला तुझं सांगून ठेवलंय. ती म्हणाली, पोटात बाळ असताना काही जागी सुई लावायचीच नसते, तेव्हा तुझ्या मानेला ती नुसता हात लावेल, आणि तोही तुझ्या डॉक्टर ताईला विचारून. रविवारी तिचं दुकान बंदच असतं.

तर तू ये. बाळ झाल्यावर मी आहेच तुझ्याकडे, पण त्याच्या आधी एकदा ये, म्हणजे मी तुला टबात बसून दाखवीन, बटाटे घेऊन. या वेळी दोन्ही हात माझे आहेत. तो बेडूकही आण, पाणी किती कढत ते तो सांगेल, बाकीचं मी बघते. सँडीफोर्डला ल्युअसमध्ये बैस, मग स्टेशनवरून स्लायगोची गाडी. स्लायगो शेवटचं स्टेशन आहे, झोप लागली तरी पुढे जाणार नाहीस. पाठीवर काहीतरी घाल, समुद्रावरून वारा येतो. मी जाकीट घालून फलाटावर उभी असेन. या शनिवारी जमलं तर याच शनिवारी ये.